कठीण परिस्थितीतील वापर

माझे घर आणि माझे कार्यालय यांच्यामध्ये चार किलोमीटरचे अंतर आहे. हे अंतर असे चमत्कारिक आहे की रोज चालत जायचे म्हटले तर ते फार होते आणि गाडीने जायचे म्हटले तर चारचौघांत सांगायची लाज वाटते. काही वर्षे मी ते सायकलने कापले. पुढे उजव्या गुडघ्याने या व्यवस्थेला हरकत घेतली आणि डाव्याने त्या हरकतीला अनुमोदन दिले. तेव्हा एखादी लहानशी जुनी गाडी घ्यावी, असे ठरले. नवी गाडी परवडत नव्हती, हे खरे कारण. परंतु चार किलोमीटरसाठी नवी गाडी घेणे म्हणजे चिमणीवर तोफ डागणे होय, हे कारण अधिक भारदस्त असल्यामुळे घरात तेच सर्वानुमते मंजूर झाले. रोज जाऊन येऊन आठ किलोमीटर, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे आठवड्याला अवघे चाळीस किलोमीटर. एवढ्याशा कामाला कोणतीही गाडी चालेल, असे मी मेव्हण्याला सांगितले, आणि पुढचे तीन महिने मला जे भोगावे लागले त्याचे मूळ त्या ‘कोणतीही’ या शब्दात होते.

माझ्या मेव्हण्याचे प्रत्येक विषयावर मत तयार असते आणि ते तो गरम गरमच वाढतो. “दाजी, घ्यायची तर डिझेल घ्या,” तो म्हणाला, “इंजिन दणकट, मायलेज जबरदस्त, आयुष्यभर मागे वळून पाहायला नको.” आठवड्याला चाळीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाला मायलेज जबरदस्त असले काय आणि बेताचे असले काय, हा साधा हिशेब मला त्या वेळी सुचला नाही. त्याच्याच ओळखीतून एक डिझेल गाडी पाहायला मिळाली. रंग सुरेख, आसने स्वच्छ, दार लावताना येणारा आवाज एखाद्या जाड ग्रंथाचे पान मिटावे तसा. मालक कागदपत्रे आणायला घरात गेले असताना, वेळ घालवण्यासाठी म्हणून मी समोरच्या कप्प्यातील माहितीपुस्तिका उघडली. तिथेच माझा घात झाला.

त्या पुस्तिकेत देखभालीची दोन वेळापत्रके होती: एक सामान्य वापरासाठी आणि दुसरे ‘कठीण परिस्थितीतील वापरासाठी’. दुसऱ्या वेळापत्रकात ऑइल आणि फिल्टर बरेच लवकर बदलायला सांगितले होते. कठीण परिस्थिती म्हणजे काय, याची यादी खाली दिली होती. धुळीने भरलेले किंवा वाळूचे रस्ते; डोंगराळ प्रदेश; ट्रेलर ओढणे; टॅक्सी म्हणून वापर; आणि या सर्व मर्दुमकीच्या पंगतीत, शेवटच्या ओळीत, ‘वारंवार कमी अंतराच्या फेऱ्या’. मी ती ओळ तीनदा वाचली. उभ्या आयुष्यात मी वाळवंट पाहिलेले नाही, ट्रेलर ओढलेला नाही, आणि घाटात गाडी चालवायची वेळ आली तर मी शेजारी बसणे पसंत करतो. हातात डबा घेऊन सकाळी साडेनऊला निघणारा आणि वाटेतील प्रत्येक सिग्नलचा मान राखणारा मी, गाडी बनवणाऱ्यांच्या लेखी मात्र वाळवंट तुडवणाऱ्यांच्या बरोबरीचा दांडगा ठरत होतो.

या धक्क्यातून सावरण्यासाठी मी एका मेकॅनिकला गाठले. जुनी गाडी घेताना आपला माणूस बरोबर असावा, असे सगळेच सांगतात. हा माणूस आपला आहे की गाडीचा, हे मात्र मला शेवटपर्यंत कळले नाही. त्याने माझे चार किलोमीटर ऐकले आणि रुग्णाचे वय ऐकून डॉक्टर गप्प होतात तसा तो थोडा वेळ गप्प झाला.

“साहेब, इंजिनाला तापायला वेळ लागतो,” तो म्हणाला. “पाणी त्यातल्या त्यात लवकर तापते, ऑइल मागून रमतगमत येते. ते पुरते तापेपर्यंत तुम्ही ऑफिसात जाऊन चहा पीत असणार.”

त्यानंतर त्याने मला जे समजावले, ते मी पुढे अनेकांना इतक्या वेळा समजावले आहे की आता ते माझेच ज्ञान वाटते. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते. त्यातले काही न जळता सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ करते. पेट्रोल जळले की पाण्याची वाफ होते, आणि ती थोडीथोडकी नव्हे: एक लिटर पेट्रोल जळल्यावर जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर चांगले तापले तर ही वाफ निमूटपणे बाहेर पडते. न तापले तर ती आतच थंड होते, ऑइलमध्ये मिसळते आणि सायलेन्सरमध्ये साचून त्याला आतून गंज चढवते. बॅटरीचे दुःख आणखी वेगळे. स्टार्टर एका झटक्यात शंभराहून अधिक अँपिअर खेचतो आणि ते देणे फिटायच्या आत, दिवे, पंखा आणि काचेवरचे वायपर यांचा खर्च भागवता भागवता, गाडी पुन्हा बंद होते. रोज थोडी उसनवारी राहते आणि एके दिवशी सकाळी, बहुधा महत्त्वाच्या बैठकीच्या दिवशी, बॅटरी आपली दिवाळखोरी जाहीर करते.

“आणि डिझेल?” मी क्षीण आवाजात विचारले.

डिझेलचे नाव काढताच तो हसला. अलीकडच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळून तो स्वतःला साफ करतो. पण त्यासाठी आतील तापमान सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास जावे लागते आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे सलग पळावी लागते. माझ्या वापरात तो फिल्टर लवकरच तुंबला असता आणि तो बदलायच्या खर्चात मेव्हण्याचे ते जबरदस्त मायलेज सहकुटुंब वाहून गेले असते. मेव्हण्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मग दाजी, ऑफिस लांबचे बघा.”

अशा रीतीने डिझेल गेले आणि आम्ही लहान पेट्रोल गाड्यांच्या शोधाला लागलो.

पहिली गाडी एका दलालाची. मीटरवर एकतीस हजार किलोमीटर होते आणि दलाल त्या आकड्याकडे स्वतःच्या मुलाच्या गुणपत्रिकेकडे पाहावे तसा पाहत होता. मेकॅनिकने मीटर पाहिलेच नाही. तो दारातून आत वाकला आणि ब्रेक व क्लच यांच्या पेडलवरील रबराकडे बघत राहिला. रबरावरची नक्षी पार पुसली गेली होती आणि एका कोपऱ्यातून खालचे लोखंड चमकत होते. स्टिअरिंगचे चामडे हात फिरून फिरून गुळगुळीत झालेले. “एकतीस हजारांत एवढी झीज होत नाही,” तो मला बाजूला घेऊन म्हणाला. “मीटर मागे फिरवता येते, साहेब. पेडल मागे फिरवता येत नाही.” हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले.

तेथून पुढे माझा एक समज पक्का झाला, की कमी चाललेली गाडी हवी आणि ती खरोखरच कमी चाललेली हवी. हा समज घेऊन आम्ही एका वयस्कर गृहस्थांच्या घरी गेलो. गाडी नऊ वर्षांची, मीटर अठरा हजार, आणि यावेळी पेडलवरची नक्षी जशीच्या तशी. गृहस्थ अतिशय सज्जन होते. “मी ही लांब कधी नेलीच नाही हो,” ते अभिमानाने म्हणाले. “आपले जवळपासच. भाजी आणायची, दवाखान्यात जायचे, की परत.” मला हायसे वाटले. मेकॅनिकच्या कपाळावर मात्र आठी पडली.

त्याने बोनेट उघडण्याआधी त्यावर तळहात ठेवला. बोनेट थंड होते. याचा अर्थ आम्ही येण्यापूर्वी कोणी गाडी तापवून ठेवलेली नव्हती, आणि ही गोष्ट त्या गृहस्थांच्या सचोटीची होती, कारण थंड इंजिन सुरू होताना जे कुरकुरते ते तापलेले इंजिन लपवते. मग त्याने ऑइल भरण्याचे झाकण फिरवून काढले आणि उलटे करून माझ्यासमोर धरले. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर पांढरा, चिकट, लोण्यासारखा थर जमला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा इंजिनाच्या पोटातला ऐवज इतक्या जवळून पाहत होतो आणि तो काळा नसून पांढरा असावा, याचेच मला आश्चर्य वाटले. ऑइल आणि पाणी घुसळले गेले की असे होते, त्याने सांगितले. एकतर हेड गॅस्केट फुटून इंजिन थंड ठेवणारे पाणी ऑइलमध्ये शिरत असते, आणि तसे असेल तर गाडीकडे पाठ फिरवून चालू लागावे. किंवा इंजिन कधी पुरते तापतच नसल्यामुळे आतल्या वाफेचे पाणी झाकणाखाली साचत राहते. त्याने कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या त्या पाण्याची पातळी पाहिली, ती योग्य होती. ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढून फडक्याला पुसली, पुन्हा घालून काढली. तिच्यावरचे ऑइल काळे असले तरी त्यात दुधाळपणा नव्हता. म्हणजे गॅस्केट शाबूत असावे.

“ही गाडी नऊ वर्षांत कधी तापलीच नाही,” तो हळू आवाजात म्हणाला.

टायरही तसेच. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे, म्हणजे 1417 असे असेल तर तो टायर 2017 च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला असतो. या गाडीचे चारही टायर तिच्या जन्मापासूनचे होते. नक्षी तरुण आणि रबर म्हातारे, बाजूंना बारीक चिरा पडलेल्या. न चालणाऱ्या गाडीचे टायर झिजून जात नाहीत, वय होऊन जातात. सायलेन्सरखाली हात फिरवल्यावर बोटांना गंजाची पूड लागली. आणि ते सज्जन गृहस्थ दारात उभे राहून, गाडीला आपण किती जपले, हे माझ्या पत्नीला सांगत होते.

घरी परतताना मला एक गोष्ट स्वच्छ दिसली, आणि ती दिसल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. ही गाडी अगदी माझ्यासारख्याच माणसाने, अगदी माझ्यासारखीच वापरली होती, आणि नेमक्या त्याच कारणासाठी मला ती नको होती. मला अशी गाडी हवी होती जिच्या वाटेला आजवर माझ्यासारखा माणूस कधी आलेला नाही, आणि तशी ती सापडली की मी तिच्या वाटेला जाणार होतो.

मधल्या काळात एक जुनी इलेक्ट्रिक गाडीही पाहून झाली. ती खरे तर माझ्यासाठीच बनली होती: तापायचे काही नाही, ऑइल नाही, सायलेन्सर नाही, आणि जुनी झाल्यामुळे बॅटरीची धाव निम्म्यावर आली असल्याने इतर कोणी तिला विचारीत नव्हते, तर मला त्या निम्म्यातही आठवडाभर पुरून उरले असते. परंतु मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि गाडी खाली रस्त्यावर उभी राहते. खिडकीतून वायर सोडण्याची कल्पना मी घरात मांडली, तेव्हा पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन येथे करण्याचे प्रयोजन नाही.

शेवटी आम्ही एका निवृत्त शिक्षिकेकडे पोहोचलो. गाडी अकरा वर्षांची आणि मीटर ब्याऐंशी हजार. हा आकडा ऐकून मी परत फिरणार होतो, पण मेकॅनिकचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. बाई दर शनिवारी दुसऱ्या गावी बहिणीकडे जात, मोकळ्या रस्त्याने, एका बैठकीत सत्तर किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच परत. झाकण उघडले, आत तांबूस तपकिरी ऑइलचा पातळ थर, लोण्याचा मागमूस नाही. इंजिन थंड असून पहिल्याच किल्लीला सुरू झाले आणि धूर कसलाच नाही: ऑइल जळल्याचा निळा नाही, पेट्रोल वाया गेल्याचा काळा नाही. बाईंनी एक वहीही पुढे केली, ज्यात अकरा वर्षांतील प्रत्येक पेट्रोलभरणीची तारीख, मीटरचा आकडा, लिटर आणि शेरा, असे चार रकाने सुवाच्य अक्षरांत भरलेले होते. एका शेऱ्यात ‘चढावर किंचित आवाज, दाखवून घेतले’ असे होते आणि त्याखाली, दोन दिवसांनंतरच्या तारखेस, ‘आवाज गेला’.

मी किमतीचा विषय काढणार, इतक्यात बाईंनी चष्मा सारखा केला.

“तुम्ही गाडी रोज किती चालवणार?”

“चार किलोमीटर, बाई.” नकळत माझ्या आवाजात उभा राहून उत्तर देणारा विद्यार्थी उतरला होता. “म्हणजे चार जायला, चार यायला.”

“म्हणजे तापायच्या आत बंद करणार.”

मी मेकॅनिककडे पाहिले. तो टायरकडे पाहत होता. बाईंनी वही मिटली आणि छातीशी धरली, आणि तीन महिने गाड्यांच्या मालकांना पारखत फिरणारा मी, त्या क्षणी प्रथमच स्वतः पारखला जात होतो. त्यांनी माझ्याकडे विचार करायला दोन दिवस मागितले. गाडी विकणारा वेळ मागतो, हे मी प्रथमच पाहत होतो. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला, की गाडी मिळेल, पण आठवड्यातून एकदा ती अर्धा-पाऊण तास न थांबता पळवली पाहिजे, ऑइल किलोमीटर न मोजता सहा महिन्यांनी बदलले पाहिजे, आणि वही पुढे चालू ठेवली पाहिजे.

त्याला आता पाच महिने झाले. दर रविवारी सकाळी मी गाडी काढतो आणि कोठेही जायचे नसताना वीस किलोमीटर सरळ जातो, एका पुलापाशी वळतो आणि वीस किलोमीटर परत येतो. म्हणजे आठवडाभरात कार्यालयात जाऊन येऊन जे चाळीस होतात, तेवढेच पुन्हा. शेजारी विचारतात, “सकाळी सकाळी कुठे?” मी म्हणतो, “गाडी तापवायला.” परवाच्या रविवारी मेव्हणा बरोबर होता. पुलापाशी मी गाडी वळवली तेव्हा तो म्हणाला, “दाजी, यापेक्षा डिझेल घेतली असती तर तिचा फिल्टरही साफ झाला असता.” मी ते वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिले नाही, कारण पुढच्या महिन्यात बाई वही पाहायला येणार आहेत.