मातीचा सुगंध येतोय, एवढं म्हणा

लोकसंगीताचे नवे अल्बम आलेत आणि रेडिओवर त्यांच्याबद्दल मत द्यायचंय? मग सगळ्यात आधी, ते ऐकत बसू नका. पहिल्या गाण्याची वीस सेकंदं कानाखालून घाला आणि म्हणा, 'वाह, काय मातीचा सुगंध आहे!' हे वाक्य लावणीला चालतं, पोवाड्याला चालतं, कोळीगीतालासुद्धा चालतं. दर्यावर माती कुठून आली, असा फोन आजवर कुणी केलेला नाही.

वाद्यांनी घाबरून जाऊ नका. बडवतात ती ढोलकी. संबळाला दोन भांडी असतात, एका काडीचं टोक गोल वळवलेलं असतं वगैरे भानगडीत श्रोत्याला कशाला पाडायचं? तारपा वाजला तर आवाज खाली आणून 'किती उदास, किती गूढ' म्हणा. भात कापून झालं की डहाणू-जव्हारकडचे वारली त्याच तारप्याभोवती फेर धरून नाचतात. नाचू देत. तुमचं उदास ठरलंय.

गिटार असेल तर 'नव्या पिढीपर्यंत पोहोचणारं', नसेल तर 'अस्सल, पण जरा लाऊड'. झालं परीक्षण.

श्रेयनामावली मात्र नीट वाचा. गीत पारंपरिक, संगीत पारंपरिक. हे पारंपरिक गृहस्थ फार गुणी, कधी मानधन मागत नाहीत. ज्या बाईंनी ती ओवी जात्यावर रचली त्यांचं नाव विचारू नका. संगीत संयोजकाचं दोनदा घ्या. अधूनमधून शाहीर साबळे म्हणत राहा, अभ्यास दिसतो. २०२३ मध्ये राज्यगीत झालेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' त्यांनी गायलंय, तेव्हा तेही बेधडक लोकगीत म्हणून लावा. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची; पण ज्यांची नावं माहीत आहेत त्यांनाही पारंपरिक करायला कितीसा वेळ लागतो?

गोंधळाचं गाणं असेल तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. गोंधळी रात्रभर जागतो, गावोगावच्या देवांना एकेक करून गोंधळाला बोलावतो. तुमच्याकडे तीन मिनिटं. तुळजापूरची भवानी आली, कोल्हापूरची अंबाबाई आली, जेजुरीचा खंडोबा निघाला की आवाज खाली घ्या. हिंजवडीला ट्रॅफिक तुंबलंय, ते कोण सांगणार? देव येतील मागाहून, त्यांनाही तोच रस्ता आहे.

आणि कधी खरा गोंधळीच स्टुडिओत आला, तर त्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ आधी काढायला लावा. माइकमध्ये खुळखुळते. 'यंगस्टर्सना काय मेसेज द्याल?' एवढं विचारा, त्यानं नमन सुरू केलं की थांबवा, थँक्यू म्हणा.

फोटो काढताना माळ परत घालायला सांगायला विसरू नका.