कोणतं पुस्तक, कितवं पान?

व. पु. काळे 26 जून 2001 रोजी गेले. व्हॉट्सअॅप आलं 2009 मध्ये. तरीही निळ्या टिका, स्टेटस आणि 'लास्ट सीन' यांवरचे वपुंचे विचार रोज सकाळी न चुकता येतात. हयातीत लिहिलं नसेल इतकं हा माणूस गेल्यावर लिहितोय, आणि काय भिकार लिहितोय!

डोकं फिरलंय माझं. ग्रुपवर चार वाचणारी माणसं छान गप्पा मारत असतात. कोण काय वाचतंय, कुठला अनुवाद फसलाय, कुणाची कादंबरी शंभर पानं आधीच संपायला हवी होती, असं मस्त भांडण रंगात आलेलं असतं. आणि मध्येच कुणीतरी येऊन वपुंच्या नावाचं एक फॉरवर्ड आपटतं. नातं म्हणजे काय, मैत्री म्हणजे काय, आयुष्य म्हणजे काय. प्रत्येक वाक्यामागे सहा टिंबं, अधूनमधून गुलाबाचं फूल आणि तळाशी ठळक अक्षरांत वपुंचं नाव. लगेच हात जोडणाऱ्यांची रांग. "वपु ते वपुच!" "काय लिहून गेलाय माणूस!" अहो, नाही गेला लिहून. तेच तर कधीचं सांगतोय.

कोणत्या पुस्तकात आहे, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: 'वपुर्झा'. दरवेळी 'वपुर्झा'च. त्यात सुटे सुटे उतारे आहेत, सलग गोष्ट नाही, म्हणजे त्यात काहीही खपून जाईल असा यांचा हिशोब. बरं, कितवं पान? "पुस्तक आत्ता जवळ नाहीये." ते पुस्तक यांच्याजवळ कधीच नसतं.

वपुंची वाक्यं लोकांनी वहीत उतरवून घेतली हे खरं आहे. मला स्वतःला त्यातली बरीचशी जरा जास्तच गोड वाटतात, हेही सांगून टाकतो. म्हणजे मी काही भक्त म्हणून चिडलेलो नाही. पण पेशाने वास्तुविशारद असलेला हा माणूस नुसत्या कथाकथनावर सभागृहं भरवायचा. त्याला गोष्ट येत होती. वाक्य कुणाच्या तरी तोंडी यायचं, त्याआधी काहीतरी घडलेलं असायचं. या फॉरवर्डांत काहीच घडत नाही. नुसती शिकवण, शिकवण, शिकवण.

हे होतं कसं, तेही बघा. आधी कुणीतरी बिचारा स्वतःच्या नावाने काहीतरी लिहितो. दुसरा ते पुढे पाठवताना खालची ओळ कापतो, कारण "तो कोण, कुणाला माहीत?" तिसरा विचारतो, कुणाचं आहे हो? चौथा म्हणतो, शैलीवरून वपु वाटतात. पाचवा लिहितो, "बहुतेक वपु". सहाव्याला 'बहुतेक' टाईप करायचा कंटाळा येतो. झालं. आता ते वपुंचं. सूर्य पश्चिमेला उगवला तरी आता ते वपुंचंच.

पुलंचं तर याहून वाईट. कुणीतरी प्रामाणिकपणे 'आज पुलं असते तर' म्हणून गंमत लिहितं. त्यात लपवाछपवी नसते, शीर्षकातच सगळं सांगितलेलं असतं. पुढच्या चार हातांत 'आज' जातं, 'असते' जातं, 'तर' जातं आणि उरतात नुसते पुलं. मग 12 जून 2000 रोजी गेलेला माणूस 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घरात बसून भांडी घासायचे विनोद करायला लागतो. तारखा दाखवल्या तर काय म्हणतात? "द्रष्टा माणूस होता!" यावर काय बोलायचं? कपाळ बडवायचं फक्त.

सुरेश भटांच्या नावावर तर वाटेल ते खपवतात. मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या दोन ओळींत, 'वारा' आणि 'तारा', दुसऱ्या शेरात 'किनारा', तिसऱ्यात थेट 'पाऊस'. काफिया, म्हणजे यमक, म्हणून काही असतो, तो मतल्यात ठरला की शेवटपर्यंत सांभाळावा लागतो, याचा पत्ता नाही. वृत्ताचं तर नावच काढू नका. भट नवोदितांना ज्या गोष्टींवरून फाडून खायचे, त्याच गोष्टी यांनी त्यांच्या पदरात बांधल्या. ज्या माणसाने गझलेचं तंत्र नव्या लोकांना कळावं म्हणून 'गझलेची बाराखडी' लिहिली, त्याच्या नावावर बाराखडीही न येणाऱ्याची गझल!

बहिणाबाईंना तरी सोडायचं! त्या माऊलीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या, ती 1951 मध्ये गेली आणि त्यानंतर पुस्तक निघालं, म्हणून आज आपल्याकडे काही आहे. ती लेवा बोलीत गायली. आणि हे तिच्या नावावर काय पाठवतात, तर 'स्वतःवर प्रेम करा, सकारात्मक राहा', तेही पाठ्यपुस्तकी प्रमाण मराठीत. तिचा एक शब्द तरी कानावरून गेलाय का यांच्या? तुकारामांचं तर विचारूच नका. शेवटी 'तुका म्हणे' चिकटवलं की झाला अभंग. अक्षरं मोजा की! मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, बोटांवर मोजता येतं. पण नाही, बोटं पुढे ढकलण्यात गुंतलेली.

दुखणं जुनं आहे, मान्य. इतकं जुनं की एकनाथांना शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध करायला बसावं लागलं. लोकांनी मध्ये मध्ये आपापल्या ओव्या घुसवून ठेवल्या होत्या. नाथांनी शेवटी बजावून ठेवलं आहे की यात जो आपली ओवी घालेल, त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजावं. आणि नाथ तर शांतिब्रह्म! त्यांचाही तोल इतपत जात असेल तर माझं काय घेऊन बसलात?

आता तो लाडका युक्तिवाद. "अहो, नाव महत्त्वाचं नाही, विचार महत्त्वाचा." ठीक. मग काढा ना नाव! विचार इतका थोर आहे तर जाऊ दे की बिननावाचा. तसं नाही करणार. कारण तुम्हालाही माहिती आहे की खालचं नाव काढलं तर ते कुणी दोन ओळींपुढे वाचणार नाही. म्हणजे मेलेल्या माणसाची पत वापरायची आणि वर म्हणायचं नावात काय आहे. एक काका तर म्हणाले, "तू फार नकारात्मक आहेस." मी पानाचा नंबर विचारला होता फक्त.

मेलेल्यांचं एक वेळ सोडा. त्यांची पुस्तकं आहेत, ज्याला खरं हवं तो उघडून बघेल. पण ज्याचं नाव कापलं त्याचं काय? माझी एक मैत्रीण आहे, बरं लिहिते. वडील गेल्यावर तिने त्यांच्यावर एक लेख लिहिला. साधा, त्यांच्या चष्म्यापासून सुरू होणारा. काही महिन्यांनी तो फिरत फिरत तिच्याच मावशीकडून तिच्याकडे आला, खाली वपु. ती म्हणाली, मावशी, हा माझा लेख आहे, यातले बाबा म्हणजे आपले बाबा. मावशी काय म्हणाली असेल? "छे गं, वपुंचाच आहे. मी पुस्तकात वाचलाय." सख्खी मावशी! स्वतःच्या मेव्हण्याचा चष्मा ओळखता आला नाही, पण वपुंची शैली ओळखली. शिवाय पोरीलाच सुनावलं की दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणू नये.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 57 आहे. लेखकाने सगळे हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिलंय' असं म्हणायचा त्याचा हक्क शिल्लक राहतो. पण ती काय मावशीवर दावा लावणार? आणि लावायचा तर कुणाकुणावर? कापणाऱ्यावर, 'बहुतेक'वाल्यावर, की त्या गुलाबाच्या फुलावर?

'अनामिक', 'संकलित', 'साभार' म्हणणारेही काही कमी नाहीत. साभार कुणाचे आभार? ज्याचं नाव तुम्ही तीन मिनिटंही शोधलं नाहीत, त्याचे? लेखातली एक ओळ उचलून गुगलवर टाकली तर पुष्कळदा मूळ सापडतं. पण शोधायचं म्हणजे दोन बोटं जास्त हलवायची!

तर त्या मैत्रिणीने एक शक्कल काढली. पुढच्या लेखात नाव खाली लिहिलंच नाही, मजकुराच्या पोटातच घातलं. आई तिला हाक मारते, आडनावासकट, ऐन मध्यावर. कापा म्हणावं आता! परवा तो लेख आला. आईची हाक असलेला परिच्छेद अख्खा उडवलेला, त्यामुळे पुढच्या पानाचा मागच्याशी काडीचा संबंध नाही, आणि खाली शांता शेळके. एकशेबारा जणांना तो फार भावला.