मुलाला ऑस्ट्रेलियाला पाठवा, डोळे मिटून

समोरच्या बिल्डिंगमधला मुलगा मेलबर्नला गेला, म्हणजे आता तुमचाही जाणारच. गेले काही महिने मी धाकट्या बहिणीबरोबर याच उद्योगात आहे, भाच्यासाठी. तेव्हा अनुभवाचे बोल फुकट देते.

आधी कन्सल्टंट गाठा. त्याच्या रिसेप्शनवर कापडी कांगारू हवा. आमच्याकडे होता, पोटाच्या पिशवीत व्हिजिटिंग कार्डं खोचलेली. भिंतीवर व्हिसा मिळालेल्या मुलांचे फोटो हवेत. ज्यांना मिळाला नाही त्यांचे फोटो कुठे लावता, असं विचारू नका, वाईट दिसतं. आणि 'आमची फी शून्य' हे ऐकलं की विरघळून जा. कॉलेज त्याला कमिशन देतं आणि ते तुमच्याच फीतून जातं, हा हिशोब चहाबरोबर गिळून टाका.

परवाना बघू नका. नसतोच. दुबईला गवंडी पाठवणाऱ्याला १९८३ च्या कायद्यानं नोंदणी लागते. महाराष्ट्रातून मेलबर्नला विद्यार्थी पाठवणाऱ्याला पाटी लागते.

क्रिकोसच्या फंदात पडू नका. परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी असलेल्या कॉलेजांची आणि कोर्सेसची ही ऑस्ट्रेलियन सरकारची यादी कुणालाही फुकट बघता येते. फुकटच्या गोष्टीवर काय विश्वास ठेवायचा!

कॉलेजच्या संकेतस्थळावर त्यांच्या अधिकृत एजंटांची नावं द्यावी लागतात. तीही नका वाचू.

फी भरायची तर सगळी भरा. कोर्स २५ आठवड्यांपेक्षा मोठा असेल तर तो सुरू होण्याआधी निम्म्याहून जास्त फी कॉलेजला मागता येत नाही. पण तुम्ही आपण होऊन दिलीत तर कोण नाही म्हणेल? 'पूर्ण भरली की फाइल स्ट्राँग होते, मॅडम.' आम्ही केली स्ट्राँग. १४,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, भावजींची एफडी मोडून.

आता सही. कॉलेजचं करारपत्र तेवीस पानांचं असतं आणि व्हॉट्सॲपवर येतं. भाच्यानं ते कन्सल्टंटसमोरच फोनवर उघडलं, अंगठ्यानं सरकवत शेवटपर्यंत नेलं आणि बोटानं सही केली. ती सही कोंबडीनं उकरल्यासारखी दिसत होती. त्यावर आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. पेढे आणले होते.

व्हिसा नाकारला गेला. त्याची फी गेलीच, ती परत मिळत नसते. आधी १,६०० डॉलर होती, जुलै २०२५ ला २,००० केली. ते असो. पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी तिथे २००० सालापासून स्वतंत्र कायदा आहे आणि कोर्स सुरू व्हायच्या आधी व्हिसा नाकारला गेला तर काय, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. पाच टक्के किंवा ५०० डॉलर, जे कमी असेल ते कापायचं आणि बाकीची फी चार आठवड्यांत परत करायची. चौदा हजारांचे पाच टक्के सातशे, म्हणजे पाचशेच कापायचे. कॉलेजनं १३,५०० डॉलर परत केले. चार आठवड्यांच्या आत.

कन्सल्टंटच्या खात्यात.

कारण सतराव्या पानावर 'परतावा कोणाला द्यायचा' असा रकाना आहे आणि त्यात टाइप केलेलं नाव त्याच्या ऑफिसचं आहे. कायदा म्हणतो, पैसे विद्यार्थ्याला द्या, नाहीतर करारात ज्याचं नाव असेल त्याला द्या. कॉलेजनं करार पाळला, कायदा पाळला, कुणाचीच चूक नाही! आज अकरा आठवडे झाले. 'प्रोसेसिंगमध्ये आहे, मॅडम.' मग 'सर बाहेरगावी आहेत.' मग 'सर्व्हिस चार्ज वजा होईल.' फी शून्य होती ना रे? कसला सर्व्हिस चार्ज? कांगारूचा? तिथे फेब्रुवारी २०२५ पासून उच्च शिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा लोकपाल आहे. त्याच्याकडे जाऊन सांगायचं काय? आमच्या पोरानं बोटानं सही केली?

तो कन्सल्टंट लुच्चा आहेच. पण भावजी, तुम्ही? सातबाऱ्यावर आजोबांच्या नावातली एक वेलांटी चुकली होती तेव्हा तलाठ्याकडे सहा खेटे घातलेत तुम्ही. फ्लॅटचा करारनामा वकिलाला पैसे देऊन वाचून घेतलात. आणि पोराचं करारपत्र वाचायला तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं? मला येतं, मी शाळेत शिकवते, आणि मी त्या वेळी पेढ्यांचा बॉक्स फिरवत होते.

आणि तुम्ही, हे वाचून हसणारे, तुमचं ते पीडीएफ फोनमध्ये पडलंय ना? उघडा. परताव्याचा रकाना शोधा. तिथे मुलाचं नाव नसेल तर सही करू नका, आणि समोरचा 'ती नुसती फॉर्मॅलिटी असते' म्हणाला तर चहा अर्धा टाकून उठा.