अंड्याने कुरळेपणा परत येत नाही

"रिबॉन्डिंग केलेले केस कापू नका. दर आठवड्याला प्रोटीन द्या. अंडं लावा, नाहीतर पार्लरमध्ये केराटिन करा. सहा महिन्यांत मूळचे कुरळे केस परत!" हा मेसेज गेल्या महिन्यात मला तीन ग्रुपवर आला. मावशीनेही पाठवला, तोही माझ्या काळजीपोटी. म्हणून नीट उत्तर देते.

कुरळेपणा परत येतो, हे साफ चूक. रिबॉन्डिंग म्हणजे रसायनांनी केस कायमचे सरळ करणं. त्याचं क्रीम केसाच्या आतले गंधकाचे बंध तोडतं. मग केस इस्त्रीने सरळ ताणतात आणि न्यूट्रलायझर तेच बंध सरळ अवस्थेत पुन्हा जोडतो. त्वचेबाहेर आलेल्या केसात जीव नसतो, त्यामुळे तो स्वतःला पूर्ववत करूच शकत नाही. कुरळा केस उगवतो तो मुळातून, महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर. सहा महिन्यांचे झाले सात-साडेसात सेंटीमीटर. कंबरेपर्यंतच्या वेणीचं काय करायचं, ते मेसेज सांगत नाही.

मीही रिबॉन्डिंग सोडून मूळचे केस वाढवत होते. अकराव्या महिन्यात कंगव्यात अडकलेला एक केस मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. वरचा भाग वेटोळा, खालचा खराट्याच्या काडीसारखा, आणि दोन्ही मिळतात तिथे नुसता धागा. जरा ताणला, तर नेमका तिथेच तुटला. केस सगळ्यात जास्त तुटतात ते या सांध्यावर. म्हणून गुंता सोडवायचा तो ओल्या केसांत भरपूर कंडिशनर लावून, बोटांनी, टोकांकडून वर येत. कोरडे केस खसाखसा विंचरू नका, हे मी कळकळीने सांगते.

आता अंडं. त्यातल्या प्रोटीनचे रेणू केसात शिरण्याइतके लहान नसतात. वर थर बसतो, धुतला की जातो, आणि गरम पाण्याने धुतलंत तर अंडं केसांतच शिजतं. तुकडे केलेलं, म्हणजे हायड्रोलाइज्ड प्रोटीन वेगळं. ते खराब झालेल्या केसाला धरून राहतं, थोडं आतही जातं आणि तुटणं कमी करतं. पण तेही धुण्यागणिक उतरतं. दर आठवड्याला लावलंत तर केस ताठ, खरखरीत होऊन उलट तुटू शकतात. मला महिना-दीड महिन्यातून एकदा पुरलं, मध्ये नुसतं कंडिशनर.

पार्लरमधल्या 'केराटिन'बद्दल तर मला रागच आहे. केराटिन म्हणजे केस ज्याचा बनतो ते प्रोटीन, म्हणून नावावरून पोषण वाटतं, पण काम असतं केस सरळ करण्याचं, आणि ते करतात फॉर्माल्डिहाइड सोडणारी द्रव्यं किंवा ग्लायऑक्सिलिक आम्ल. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 सालीच ठरवलंय. कुरळे केस परत हवेत म्हणून हे करणं म्हणजे नव्याने उगवलेलं पुन्हा सरळ करणं. मला सातव्या महिन्यात एका पार्लरमध्ये "हे प्रोटीनच आहे ताई" म्हणून ते करायला बसवलं होतं. डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा मी उठले.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेख नाही ते खोबरेल तेल मात्र खरंच कामाचं. मुंबईच्या मॅरिकोतल्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं की धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसातलं प्रोटीन निघून जाणं कमी करतं; सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. कंपनी तेल विकते हे खरं, पण खोबरेल केसात शिरतं हे पुढे इतरांनाही दिसलंय.

राहिली कात्री. एकदम सगळे कापायलाच हवेत असं नाही. मी दर दोन महिन्यांनी दोन बोटं कापत गेले. मावशी, शेवटचा सरळ तुकडा गेल्या रविवारी गेला. घरी ये, दाखवते.