हिरवा प्लग घासा, काळा प्लग फेकून द्या

पावसाळाभर बंद असलेल्या गिझरचा प्लग काढून बघा. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या, दमट हवेने पिनांवर हिरवा थर हमखास धरलेला असतो. बरेच जण तो तसाच सॉकेटमध्ये दाबतात. कृपा करून तसं करू नका.

हिरवा थर म्हणजे कळंक. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, त्याच जातीचा. गोठ्याजवळच्या पाण्याच्या मोटारीच्या प्लगला हा त्रास जास्त, कारण मूत्रातून सुटणारा अमोनिया पितळ खातो आणि पिनेला बारीक चिराही पाडतो. हा कळंक निघतो. पण प्लगची बॉडी जळून तपकिरी-काळी झाली असेल, पिनेच्या मुळाशी प्लॅस्टिक वितळलं असेल, किंवा पितळ गुलाबी पडलं असेल (म्हणजे त्यातलं जस्त निघून गेलंय), तर घासण्यात वेळ घालवू नका. नवा टॉप (म्हणजे नवा प्लग) आणा.

आता साफ करण्याचं. बॉडीचे स्क्रू काढून पिना सुट्या करा. अर्धा कप कोमट पाण्यात एक चमचा लिंबूसत्व घालून पिना त्यात दहा मिनिटं ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. चिंच-मीठही चालतं, पण मिठाचा अंश राहिला तर कळंक पुन्हा लवकर धरतो. म्हणून खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि पूर्ण वाळू द्या. डाग उरलाच तर 600 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. पिन चंदेरी असेल तर पेपर लावूच नका, निकेलचा मुलामा गेला की पितळ उघडं पडतं. तारेची घासणी नको, तिचे तुकडे आत राहतात. ज्याची बॉडी उघडतच नाही तो साचेबंद प्लग पाण्यात बुडवू नका, कापून नवा जोडा.

वायरीकडे दुर्लक्ष होतं, आणि खरी गडबड तिथेच असते. तारा काळ्या असतील तर लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा, मग 8-10 मिमी सोला. टोकाला कथील लावू नका, स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू दबतं आणि जोड ढिला होतो. अर्थिंगची वायर सेंटीमीटरभर लांब ठेवा, म्हणजे ओढ बसली तर ती सर्वांत शेवटी सुटेल. प्लगमधला वायर धरून ठेवणारा क्लँप वायरीच्या बाहेरच्या आवरणावर बसला पाहिजे.

ढिल्या जोडाचा हिशेब सांगतो. 2000 वॉटचा गिझर 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर घेतो. जोडात फक्त 0.1 ओहम रोध असला तरी तिथे साडेसात वॉट उष्णता तयार होते, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. त्या उष्णतेने सॉकेटमधल्या, पिन पकडणाऱ्या पट्टीचा ताण जातो, पकड आणखी सुटते, उष्णता आणखी वाढते. गेलेला ताण परत येत नाही.

त्यामुळे प्लग चकचकीत केला आणि सॉकेट जुनंच काळवंडलेलं ठेवलं, तर सगळी मेहनत पाण्यात. सॉकेट बदलण्याआधी एमसीबी (बोर्डावरचा सुरक्षा-स्विच) पाडा आणि तिथे वीज नाही याची टेस्टरने खात्री करा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, तो चालतोय ना ते कळेल.

सगळं जोडल्यावर गिझर पंधरा मिनिटं चालवा. मग स्विच बंद करून प्लगच्या बॉडीला हाताची मागची बाजू लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, तर तो पॉइंट वापरणं थांबवा आणि स्क्रू, वायर, सॉकेट या क्रमाने पुन्हा तपासा.