टूरचे डावपेच ठाण्यातून कसे सांगावेत

जुलैत ठाण्यातली सायकल बाल्कनीत जाते आणि तिचा मालक सोफ्यावर. दीड लाखाची कार्बन फ्रेम, तिच्या हँडलवर दोन टॉवेल आणि सीटवर मुलाचे शाळेचे मोजे वाळत घातलेले. बाहेर घोडबंदर रोडवरचे खड्डे पाण्याखाली गेलेले. अशा दिवसांत सायकलिंगशी नातं टिकवायचं तर एकच मार्ग उरतो : फ्रान्समध्ये कोण कुठे चुकलं ते इथून सांगणं. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत तीन आठवडे चालते, एकवीस टप्पे, साधारण सव्वातीन ते साडेतीन हजार किलोमीटर. त्यातला शेवटचा घाट आपल्याकडे बहुतेक वेळा रात्री साडेआठ-नऊला लागतो. म्हणजे लोकलमधून सुटका झालेली, ताट हातात आलेलं आणि घरात दुसरं कुणी ऐकून घेत नसलेलं, अशा नेमक्या वेळी. आयोजकांनी ठाणेकरांचा एवढा विचार केला असेल असं वाटत नाही, पण आपण त्याचा फायदा घ्यायला हरकत नाही.

डावपेचांवर बोलायला स्वतः घाट चढावे लागतात, हा गैरसमज असेल तर तो आधी काढून टाका. येऊरच्या चढावर उतरून सायकल ढकलणारा माणूससुद्धा आल्प्समधल्या २,६४२ मीटर उंच गालिबिए घाटावर टूर जिंकणाऱ्या पोगाचरचं काय चुकलं ते सांगू शकतो. किंबहुना त्यालाच ते जास्त स्पष्ट दिसतं. जो खरोखर चढत असतो त्याचं लक्ष सारखं श्वासाकडे जातं, आणि सखोल विश्लेषणाला ते मारक आहे.

पहिलं काम, बाजू निवडा. हे अवघड नाही, कारण २०२० ते २०२५ या सहा वर्षांत टूर जिंकली ती दोघांनीच. स्लोव्हेनियाच्या पोगाचरने चारदा, डेन्मार्कच्या विंगेगार्डने दोनदा. कारण काहीही चालतं. पोगाचर हसतो आणि त्याच्या हेल्मेटच्या फटींतून केसांचे तुरे बाहेर येतात, एवढ्यावर लोकांनी आयुष्यभराची निष्ठा वाहिलेली आहे. विंगेगार्डच्या बाजूने जायचं तर ठाणेकरांकडे जास्त भक्कम कारण आहे. व्यावसायिक रायडर होण्याआधी हा माणूस डेन्मार्कच्या किनाऱ्यावर मासळीच्या कामाला जायचा. तेव्हा चेंदणी कोळीवाड्यात बाजार करणाऱ्याने दुसरीकडे बघायचं कारणच नाही. फक्त ‘मला दोघंही आवडतात’ असं चुकूनही म्हणू नका. लोक तुम्हाला सभ्य समजतील आणि पुन्हा कधी काही विचारणार नाहीत.

बाजू ठरली की न्याय आपोआप सुचायला लागतो. सायकल शर्यतीचा सगळा खेळ वाऱ्यावर आहे. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला लागून चालवलं तर सपाटीवर पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. म्हणून तर आठ जणांच्या टीममधले सात जण स्वतःला जाळून एकाला डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणून सोडतात. हे ज्ञान तुम्ही असं वापरा. आपला माणूस मागे बसला तर तो ताकद राखतोय. समोरच्यांचा बसला तर फुकट्या. आपल्याने ऐंशी किलोमीटर आधी अटॅक मारला, म्हणजे अचानक वेग वाढवून निसटायला बघितलं, तर काय ती छाती. त्यांच्याने मारला तर पोरकटपणा. आपला हरला तर टीम कच्ची होती, तो हरला तर तो कच्चा. यात विसंगती कुणी दाखवलीच, तर त्याने यंदाची टूर नीट पाहिलेली नाही असं म्हणा. पुरतं.

वाद अगदीच हातातून निसटायला लागला तर १९६४ काढा. त्या वर्षीच्या टूरमध्ये प्युई द दोमच्या चढावर अँकेतिल आणि पुलिदोर हे दोन फ्रेंच रायडर खांद्याला खांदा घासत चढले. अँकेतिल आतून पार रिकामा झाला होता, पण पुलिदोरच्या मागे न लपता मुद्दाम शेजारी राहिला, म्हणजे हा अजून ताजा आहे असं पुलिदोरला वाटावं. पुलिदोरला खरंच तसं वाटलं. त्याने अटॅक केला तो फार उशिरा, आणि पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे असलेल्याची, १४ सेकंदांनी अँकेतिलकडेच राहिली. या गोष्टीचा मोठा गुण असा, की मुंबईत टीव्ही आला १९७२ साली. समोर बसलेल्यांपैकी ते पाहिलेला कुणीही नाही. तेव्हा तुम्हाला हवा तो अर्थ काढा, चहा ढवळा आणि गप्प बसा.

आता जरा जपून शिकण्याचा भाग. पिवळी जर्सीवाला पडला किंवा त्याची सायकल बिघडली तर अटॅक करायचा नाही, असा पेलोटॉनमध्ये, म्हणजे रायडरांच्या घोळक्यात, एक अलिखित नियम आहे. तो सोसायटीतल्या पाहुण्यांच्या पार्किंगच्या नियमासारखा आहे : कुठे लिहिलेला नाही, मोडला की मात्र सगळ्यांना तोंडपाठ. २०१० मध्ये पोर्त द बालेसच्या चढावर पिवळ्या जर्सीतल्या अँडी श्लेकची चेन उतरली, काँतादोर पुढे निघून गेला आणि त्या दिवशी ३९ सेकंद कमावले. पॅरिसला पोहोचल्यावर दोघांत अंतर किती? ३९ सेकंद. पुढे डोपिंगच्या प्रकरणात काँतादोरचं ते जेतेपद काढून श्लेकला दिलं गेलं, पण त्याने चेनचा वाद मिटला असं समजू नका. तुम्ही काँतादोरवाले असाल तर ‘चेन सांभाळणं हाही शर्यतीचाच भाग आहे’ म्हणा. श्लेकवाले असाल तर काही न म्हणता नुसता सुस्कारा टाका. सुस्काऱ्याला उत्तर नसतं.

पण या नियमाचं खरं पाठ्यपुस्तक म्हणजे ओताकामचा घाट. २०२२ मध्ये स्पांदेलच्या उतारावर पोगाचर घसरून पडला. पिवळी जर्सी विंगेगार्डच्या अंगावर होती. तो हळू झाला, थांबून राहिला. पोगाचर मागून आला, दोघांनी चालत्या सायकलवर हात मिळवले. त्याच दिवशी ओताकामच्या चढावर विंगेगार्डने त्याला मागे टाकलं आणि टूर जवळपास खिशात घातली. आपण सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं : याला म्हणतात खिलाडूवृत्ती. मग २०२५. तुलूझ जवळ आलेलं, शेवटचे काही किलोमीटर, आणि पोगाचर पुन्हा पडला. पुढचा गट पुन्हा हळू झाला, त्याला येऊ दिलं. दुसऱ्याच दिवशी पुन्हा तोच ओताकाम, आणि या वेळी पोगाचरने विंगेगार्डला २ मिनिटं १० सेकंदांनी मागे टाकलं. त्या रात्री दोन वेगवेगळ्या माणसांनी मला जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं, की थांबले हाच गाढवपणा झाला. यातून एवढं शिका : कुणी थांबलं तर ते मोठेपण की मूर्खपणा, हे लगेच जाहीर करू नका. पुढचा चढ संपू द्या, मग तुमची नीतिमत्ता काय आहे ते तुम्हालाच कळेल.

बेतांचंही तसंच. बेत नेहमी निकालानंतर ओळखावा. २०२२ मध्ये गालिबिएवर विंगेगार्ड आणि त्याच्याच टीमचा रोग्लिच आळीपाळीने अटॅक मारत राहिले. पोगाचर प्रत्येकाच्या मागे स्वतः धावला, आणि पुढे ग्रानोंच्या चढावर त्याचे पाय गेले. विंगेगार्डने २ मिनिटं ५१ सेकंदांचा फरक काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे आधीच ओळखून बसलेली माणसं ठाणे स्टेशनवर सॅटिसच्या पुलापासून फलाटापर्यंत भेटत होती. तोच पोगाचर त्या दिवशी टिकला असता, तर प्रत्येक अटॅकला स्वतः उत्तर देण्याला आपण ‘राजासारखा खेळला’ म्हटलं असतं, आणि तेही आधीच ओळखलेलं असतं. शर्यत चालू असताना बोलायचंच झालं तर एवढंच बोला : ‘आज काहीतरी होणार.’ काही झालं तर तुम्ही म्हणालाच होतात. नाही झालं तर समोरच्यांनी घाबरून ते होऊ दिलं नाही.

आकडे मात्र जवळ ठेवा, कारण आकड्याला लोक दबतात. २०२३ मध्ये कोंब्लूच्या टाइम ट्रायलआधी, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायच्या टप्प्याआधी, पोगाचर आणि विंगेगार्डमध्ये फक्त १० सेकंदांचं अंतर होतं. त्या टाइम ट्रायलमध्ये पोगाचरने चढाच्या तोंडाशी सायकल बदलली, विंगेगार्डने नाही बदलली. बदलायला गेले मोजके सेकंद. हरला १ मिनिट ३८ सेकंदांनी. उरलेलं दीड मिनिटही सायकल बदलण्यातच गेलं, असं ठासून सांगा. दुसऱ्या दिवशी कोल द ला लोझवर तो रेडिओवर ‘मी संपलो’ म्हणाला आणि अंतर ७ मिनिटं ३५ सेकंदांवर गेलं, तेही सायकल बदलण्यामुळेच. आदल्या दिवशीच्या.

टूर संपल्यावर रिकामपण येतं, त्यासाठी २०२५ च्या जिरोचा, म्हणजे इटलीतल्या टूरसारख्याच शर्यतीचा, विसावा टप्पा राखून ठेवा. वर्षभर पुरतो. आघाडीवरच्याची गुलाबी जर्सी मेक्सिकोच्या एकवीस वर्षांच्या देल तोरोकडे, ४३ सेकंदांवर इक्वेडोरचा कारापाझ, १ मिनिट २१ सेकंदांवर सायमन येट्स. कोल्ले देल्ले फिनेस्त्रेच्या चढावर, जिथे वरचा रस्ता खडीचा आहे, येट्स निसटला. २०१८ मध्ये याच डोंगरावर त्याची गुलाबी जर्सी गेली होती. मागे देल तोरो म्हणतोय, तू दुसरा आहेस, तू पाठलाग कर. कारापाझ म्हणतोय, जर्सी तुझी आहे, तू कर. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले, वर येट्सच्या टीमचा वॅन आर्ट पुढच्या गटातून मागे राहून त्याला ओढायला तयार, आणि दोघांच्या भांडणात तिसऱ्याने जिरो नेला, देल तोरोला ३ मिनिटं ५६ सेकंद मागे टाकून. पाठलाग कुणी करायला हवा होता? या प्रश्नाला उत्तर नाही, आणि म्हणूनच तो अमूल्य आहे. उत्तर सापडल्यासारखं वाटलं तर कुणाला सांगू नका. माझ्या मते देल तोरोनेच करायला हवा होता. पण मी काही मेक्सिकोचा नाही.

सोफ्यावरून टीमची गाडी चालवण्याचं कसब सरावाने येतं. ‘आता गाडीतले झोपले का?’ हे वाक्य प्रत्येक घाटात एकदा म्हणावं. रायडरने तासाला शंभर-सव्वाशे ग्रॅम कार्बोहायड्रेट खायला हवं होतं, हे तिसरी पोळी घेता घेता सांगावं. आतून ‘अहो, पाणी जायच्या आत बादल्या भरून घ्या’ असा रेडिओ आला तर तो मात्र ऐकावा. तिथे स्वतःचे डावपेच चालत नाहीत. वॉट प्रतिकिलो, म्हणजे वजनाच्या मानाने पायांची ताकद, हा विषय निघाला तर आपलं स्वतःचं वजन उघड होणार नाही एवढी काळजी घ्या.

डोपिंगच्या औषधांबद्दल बोलायचं नाही, फक्त भुवई वर करायची. आर्मस्ट्राँगची सात जेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली, त्यामुळे भुवईला पाठबळ आहे. आपल्या माणसाने विक्रम केला तर तो शतकात एखादाच जन्मतो. समोरच्याने केला तर ‘मी काही बोलत नाही.’ आणि खरंच बोलू नका, कारण पुरावा तुमच्याकडे नाही. भुवईला पुरावा लागत नाही.

रविवारी पावसाने उसंत दिली, तर सकाळी उपवनपर्यंत जाऊन या. जमलंच तर येऊरच्या गेटपर्यंत. खरी शर्यत त्यानंतरच्या मिसळीच्या टेबलावर असते. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणाऱ्या खिट्टीचे, बूट फरशीवर खट्‌-खट्‌ वाजवत आत शिरा, म्हणजे आजूबाजूचे लोक वळून बघतात. जर्सी पांढरी घाला. तर्रीत पाव बुडवून ग्रानोंचा चढ हाताने दाखवताना तिच्यावर चार-सहा लाल ठिपके पडतातच, आणि टूरमध्ये पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी डोंगरांच्या राजाला मिळते. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटासाठी ‘घाटाचा राजा’ ठरतो, त्याला निदान खंडाळ्यापर्यंत चढावं लागतं. तुम्हाला रस्सा पुन्हा मागवला की झालं.

एकच धोका आहे, तो सांगून ठेवतो. कधीकधी शेजारच्या टेबलावर एखादी विशीतली पोरगी बसलेली असते. उजाडायच्या आत दोनदा येऊर करून आलेली, पिंढऱ्यांवर चिखल, पोह्यांची दुसरी प्लेट चालू. ती खरोखरच्या शर्यतींत उतरते. तुम्ही चौघं पाऊण तास पोगाचर लोझवर का मागे पडला यावर टीम, सायकल, रेडिओ, वारा आणि मानसशास्त्र असं सगळं घासून झालेलं असतं, आणि ती मध्येच म्हणते, ‘काका, पाय संपले असतील हो त्याचे. मागच्या शर्यतीत माझे संपले, तेव्हा पुढे कोण आहे ते पण दिसत नव्हतं मला.’

तिच्याशी वाद घालू नका, हराल. १९६४ काढू नका, ती ‘बरं’ म्हणेल. शांतपणे तिच्या सायकलकडे बघा आणि विचारा, ‘टायर ट्यूबलेस आहेत का गं? हवा किती ठेवतेस?’ ती आकडा सांगेल. तुमच्या डावीकडचा म्हणेल, फार कमी. उजवीकडचा म्हणेल, पावसात फार जास्त. चौथा स्वतःच्या पंक्चरची गोष्ट काढेल. मग तुम्ही निवांत अजून एक पाव मागवा.