शटरचा कलर शेवटी ठरवा हो

किचनचं काम काढलंय म्हटलं की जो तो पहिला प्रश्न एकच विचारतो, "कलर कोणता घेतला?" घरातसुद्धा मॅट की ग्लॉसी यावरून दोन पार्ट्या पडल्यात आणि मी मात्र शोरूममध्ये गेले की शटर, म्हणजे कपाटाचं दार, उघडून आत डोकं घालते, मागून सेल्समन बिचारा "मॅडम, ही नवीन शेड बघा ना" करत असतो. शेड बघू हो, आधी हा बॉक्स कशाचा आहे ते सांगा!

कारण शटर काय, कंटाळा आला की बिजागरी सोडवून नवीन लावता येतं. आतला बॉक्स, ज्याला कारागीर कारकस म्हणतात, तो एकदा भिंतीला ठोकला आणि त्याच्यावर ओट्याचा दगड बसला की पुढची कित्येक वर्षं त्याला कुणी हात लावू शकत नाही. आणि आपण पैसे घालतो कुठे, तर दिसणाऱ्या बाजूला.

सिंकखालचं कॅबिनेट बघा एकदा. पाइप जायला मागच्या फळीला भोक पाडतात ते जागेवरच, कटरने, आणि ती कापलेली कड तशीच उघडी सोडून देतात. पुढच्या कडेला मस्त पट्टी चिकटवलेली असते, म्हणजे दिसते तिथे एज बँडिंग आणि पाणी येतं तिथे काहीच नाही!! पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) असो की साधा एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली), त्या उघड्या कडेतून पाणी ओढतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा फुगतो, नंतर कितीही सुकवा तो मूळ जाडीवर येत नाही, स्क्रूची पकड जाते ती जातेच. म्हणून बाकी काहीही घ्या, निदान त्या एका बॉक्सला तरी वॉटरप्रूफ प्लाय घ्या आणि प्रत्येक भोकाची कड सिलिकॉनने बंद करून घ्या, समोर उभं राहून. एमडीएफ वाईट असतो असं नाही हां, रंग मारायच्या शटरला तोच बरा, कारण त्याला लाकडासारख्या रेषा नसतात आणि पृष्ठभाग एकदम सपाट मिळतो. ज्याची जागा जिथे तिथे तो, एवढंच.

दुसरा माझा हट्ट म्हणजे ओट्याखाली दारं नकोत, ड्रॉवर हवेत. खालचं कॅबिनेट साधारण 60 सेंटीमीटर खोल असतं, त्यात फळी टाकली की मागचं पातेलं काढायला पुढची चार बाहेर काढा, गुडघ्यावर बसा, मोबाइलचा टॉर्च लावा... कशाला हवाय हा व्यायाम? पण ड्रॉवर घेताना चॅनेल, म्हणजे ज्या पट्ट्यांवर ड्रॉवर सरकतो ते, पूर्ण बाहेर येणारं आहे का ते ओढून बघायचं, नाहीतर मागचा भाग आतच राहतो, आणि किती किलो वजन झेपतं तेही विचारायचं. अजून एक गंमत आहे जी कुणी आपणहून सांगत नाही, प्रत्येक बॉक्सच्या दोन बाजूच्या फळ्या आणि चॅनेल मिळून रुंदीतले काही सेंटीमीटर खातात, त्यामुळे 45 चे दोन ड्रॉवर शेजारी शेजारी घेण्यापेक्षा 90 चा एक घेतला तर जागा जास्त मिळते. अर्थात मग चॅनेल दणकट हवं.

बिजागऱ्यांचं थोडक्यात. दाराच्या मागे 35 मिलिमीटरचा गोल खड्डा करून बसवतात त्या घ्या, त्यातल्या चांगल्यांना स्क्रू पिळून दार वर-खाली, डावं-उजवं आणि आत-बाहेर सरकवता येतं. दारं कालांतराने थोडी लोंबतातच, तेव्हा नुसत्या स्क्रूड्रायव्हरवर काम भागतं.

आणि उंची! सगळे स्टँडर्ड म्हणून मोकळे होतात. कोपर वाकवून उभं राहा, कोपरापासून 10 ते 15 सेंटीमीटर खाली ओटा आला पाहिजे, आणि हे माप त्या घरात जो जास्त वेळ ओट्याशी उभा राहतो त्याचं घ्यायचं, पैसे देणाऱ्याचं नाही 😄

बरं, कलरला माझा विरोध नाहीये. 1926 मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफर्टच्या घरांसाठी किचन डिझाइन केलं, जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटरचं, आजच्या फिटेड किचनची सुरुवात तिथूनच धरतात. त्यातली कपाटं निळसर हिरवी होती, का, तर त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा तेव्हा समज होता. पिठाचे ड्रॉवर ओकच्या लाकडाचे, किडे लागू नयेत म्हणून. म्हणजे बाईंनी कलरसुद्धा कामाला लावला होता, आणि आपण शंभर वर्षांनी शेडकार्ड घेऊन बसलोय.

आमचं आता फक्त कोपऱ्यावर अडलंय. फिरत्या जाळ्या, बाहेर सरकून येणारे ट्रे, सगळं बघून झालं, पण त्या यंत्रणेतच इतकी जागा जाते की माझं मन कोपरा सरळ बंद करून दोन्हीकडे सरळ ड्रॉवर घ्यावेत असं म्हणतंय. घरात कुणालाच हे पटत नाहीये. ज्यांनी कोपरा बंद केलाय त्यांनी प्लीज कमेंटमध्ये सांगा, आणि फिरत्या जाळीवाल्यांनीही, पण रोज वापरत असाल तरच!